तालुक्याच्या डेअरीतलं चीज: कोणतं घ्यावं अन् कशासोबत खावं

चीज म्हटलं का आपल्याकडे लोकांना एकदम पिझ्झा नाहीतर ग्रिल सँडविच आठवते, म्हणजे चीज हे वितळवायसाठीच असते असं सगळ्यांनी धरूनच ठेवलं आहे. नुसता तुकडा कापून तोंडात टाकून त्याची चव पाहिलेले लोकं आमच्या आर्वीच्या भागात तरी मोजकेच सापडतील. मला चीज मनापासून आवडते, अन् माझं म्हणणं एवढंच आहे का वितळवायच्या आधी ते एकदा नुसतं खाऊन पाहा, मग ठरवा त्याला तव्यावर टाकायचं का नाही. काही चीज तव्यावर टाकलं तरच खुलते, काही तव्यावर टाकलं का वाया जाते. हे एकदा कळलं का खेड्यात राहूनही मजेनं चीज खाता येते, त्याला ओव्हन लागत नाही, मायक्रोवेव्ह लागत नाही, आपली भाकर, ठेचा, संत्रं, जवसाची चटणी हे सगळं घरात असतेच.

आधी दुकानाचं सांगते, कारण चीज चांगलं लागणं न लागणं यातला अर्धा भाग दुकानाच्या फ्रीजवर आहे. आमच्या इकडे स्टँडजवळ एक डेअरी आहे, दूध दही पेढा आइस्क्रीम असं सगळं ठेवणारी, तिथं आता चीज पण बऱ्यापैकी मिळते. अमूलचे क्यूब, स्लाइस, मोठा ब्लॉक, मोझरेला, ‘गो’ कंपनीचं चीज, स्प्रेडचे डबे, हे बाराही महिने. भाऊ स्वतः काउंटरवर बसतात, फ्रीजला इन्व्हर्टर लावलेलं आहे, अन् पाकीट हातात द्यायच्या आधी स्वतःच तारीख पाहून सांगतात, "ताई, याची तारीख जवळ आली, आठवड्यात संपत असेल तर न्या नाहीतर मागचं काढून देतो." असा दुकानदार मिळणं म्हणजे नशीबच. कारण दुसऱ्या एका किराणा दुकानातून मी क्यूब आणले होते तर त्यांचं फ्रीज रात्री बंद असते, बिल वाचवायला, अन् मे महिन्यात रात्रीसुद्धा दुकानाच्या आत केवढं तापते हे आपल्याला माहीत आहे. घरी येऊन क्यूब उघडला तर चांदीचा कागद चीजला चिकटून बसलेला, वरून तेलाचे बारीक बारीक थेंब, अन् वास आंबूस. असं चीज दिसलं का सरळ परत करा. पुठ्ठ्याचा डबा मऊ पडला असेल, ओला होऊन वाळल्यासारखा वाटत असेल, तर आतला माल गरम थंड गरम थंड झाला आहे असं समजायचं अन् घ्यायचंच नाही.

आता क्यूबपासून सुरू करते, कारण आपल्यापैकी सगळ्यांनी पहिलं चीज तेच खाल्लेलं असते. 200 ग्रॅमच्या डब्यात 25 ग्रॅमचे 8 क्यूब येतात, अन् बऱ्याच दुकानात सुटा एक क्यूब पण देतात, शाळेतल्या पोट्ट्यांना तेच परवडते. हे प्रोसेस्ड चीज आहे, म्हणजे आधी तयार झालेलं चीज पुन्हा गरम करून, त्यात सोडियम सायट्रेटसारखं क्षार टाकून, घोटून एकजीव केलेलं. ही पद्धत 1911 साली स्वित्झर्लंडमध्ये निघाली, वॉल्टर गर्बर अन् फ्रिट्झ स्टेटलर या दोघांनी काढली, चीज दूरच्या गरम देशात पाठवलं तरी टिकावं म्हणून. पुढं 1916 मध्ये अमेरिकेत जेम्स क्राफ्टनं आपल्या पद्धतीचं पेटंट घेतलं. त्या क्षारामुळे होते काय, का दुधातल्या प्रोटीनला धरून बसलेलं कॅल्शियम थोडं सुटते, अन् मग ते प्रोटीन तूप अन् पाणी दोन्ही धरून ठेवते, म्हणून क्यूब गरम केला तरी त्यातून तेल वेगळं निघत नाही, गुळगुळीत वितळते. लोकं प्रोसेस्ड शब्द ऐकला का नाक मुरडतात पण मला यात काही वाईट वाटत नाही, खारटपणा जास्त आहे एवढं खरं, अन् बीपी असलेल्या माणसानं तेवढं लक्षात ठेवावं. बाकी 100 ग्रॅममागे साधारण 20 ग्रॅम प्रोटीन अन् त्याहून थोडं जास्त फॅट मिळते, उन्हातान्हात वावरात राबणाऱ्या माणसाला ते काही जड नाही.

क्यूब खायची माझी सगळ्यात आवडती पद्धत भाकरीची आहे. ज्वारीची भाकर तव्यावरून काढून निखाऱ्यावर टम्म फुगवायची, अन् ती गरम आहे तोवरच काठाला सुरीनं एक चीर द्यायची, म्हणजे वरचा पापुद्रा सुटा होतो अन् मधातून वाफ निघते. त्या वाफेत हात सांभाळून आत किसलेला एक क्यूब पसरायचा, त्यावर हिरव्या मिरचीचा ठेचा, जास्त नाही, बोटाच्या टोकावर येईल एवढा, पापुद्रा दाबून बंद करायचा अन् भाकर पुन्हा तव्यावर दोन्हीकडून अर्धा अर्धा मिनिट ठेवायची. चीज पूर्ण पातळ होऊ द्यायचं नाही. किसाचे दोरे अजून दिसले पाहिजे, फक्त कडेनं थोडं सुटून भाकरीला धरलं पाहिजे, तेव्हा खायचं. ज्वारीचा गोडसरपणा, चीजचा खारटपणा अन् ठेच्यातल्या लसणाचा झटका असं तिन्ही एका घासात येते. ठेचा शेंगदाणे टाकलेला असेल तर चीजचा जोर कमी होतो, म्हणून नुसती मिरची, लसूण, मीठ अन् थोडंसं तेल एवढ्याचाच घ्या. आमचे मामाजी सत्तरी ओलांडलेले आहेत, त्यांना आधी हे चीज म्हणजे साबण वाटत होतं, आता थंडीत स्वतःच म्हणतात, "सूनबाई, आज ते भाकरीतलं करजो." लाल मिरचीच्या भुरक्यासोबत पण हे जमते, पण भुरक्यात तेल भरपूर असते तर चीज मग अर्धाच क्यूब टाका.

एक गोष्ट मात्र मला पटत नाही, ते म्हणजे तर्री पोह्यावर चीज किसून देणं. आपल्या तर्रीची सगळी गंमत तिच्या पातळ झणझणीतपणात आहे, त्यावर चीज टाकलं का ते गिळगिळीत गोळा होऊन बसते अन् तर्रीची धार मारून टाकते, चीज पण वाया अन् पोहे पण. तसंच वांग्याचं भरीत. भरताला जो निखाऱ्याचा वास असतो तो चीजखाली पार दबून जाते. भरतावर कच्चा कांदा अन् सांबार, म्हणजे कोथिंबीर, बस झाला.

स्लाइसचं जास्त सांगत नाही. एकेक स्लाइस प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली येते, डब्यात द्यायला सोपी, पोळीत गुंडाळून लेकरं खातात, पण मला त्यात चीजपेक्षा सोयच जास्त वाटते, अन् क्यूबपेक्षा ती मऊ अन् फिकी लागते. स्प्रेडचा डबा मात्र उन्हाळ्यात कामाचा आहे. सकाळी शिळ्या पोळीवर लावायचं, वरून बारीक चिरलेला कांदा अन् काकडी, गुंडाळी करून हातात, वावरात जाता जाता खाणं होते. मसाल्याचे वेगवेगळे प्रकार येतात त्यापेक्षा साधा घ्यावा, मसाला आपल्या घरचा कधीही बरा.

मोझरेला. हे आपल्या भागात लोकं सगळ्यात जास्त घेतात अन् सगळ्यात कमी समजून घेतात असं मला वाटते. मुळातलं मोझरेला इटलीतलं, अन् कंपानिया भागातलं जे नावाजलेलं आहे ते म्हशीच्या दुधाचं असते, 1996 पासून युरोपात त्या नावाला कायद्याचं संरक्षण आहे. म्हणजे ज्या जनावराच्या दुधाचा आपण चहा पितो त्याच जातीच्या जनावराचं चीज! मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा फार बरं वाटलं होतं, कारण आपल्या विदर्भाची स्वतःची नागपुरी म्हैस आहे, तिला एलिचपुरी पण म्हणतात, ती लांबच लांब तलवारीसारखी शिंगं मागं खांद्यापर्यंत गेलेली, उन्हाला दमदार. दूध मुर्रा जातीच्या म्हशीपेक्षा कमी देते म्हणून लोकं तिला सोडून राहिले, पण इथल्या तापात टिकायची ताकद तिच्यात आहे. अन् आर्वी, कारंजा, आष्टीकडे गवळाऊ गाय, नंदगवळी लोकांनी पिढ्यानपिढ्या सांभाळलेली. एवढी जनावरं अंगणात असलेल्या मुलखात कोणी छोटं चीजचं युनिट टाकलं तर काय बहार येईल, हे माझं स्वप्न समजा. कडक चीज किलोभर करायला गाईचं दूध साधारण 10 लिटर लागते, म्हणून ते महाग असते. त्यात लुबाडणूक नाही, दुधाचाच हिशोब आहे.

तर मोझरेला ताणल्या का जाते? त्याच्या दह्यासारख्या गोळ्याला ठराविक आंबटपणा आला का गरम पाण्यात टाकून ओढतात, दुमडतात, पुन्हा ओढतात, त्यानं आतले प्रोटीनचे तंतू एका दिशेला लागतात, अन् म्हणूनच गरम केल्यावर तार निघते. पनीर असं करत नाही, कारण पनीर उकळत्या दुधात आंबट टाकून फाडलेलं असते, त्याची घडणच वेगळी, कितीही भाजा, ते लाल होईल पण वितळणार नाही. म्हणून मोझरेलाच्या जागी पनीर किसून टाकायचा जो सल्ला लोकं देतात तो ऐकू नका, दोन्हीचं काम वेगळं आहे.

आपल्या डेअरीत मिळते ते पिझ्झ्याचं मोझरेला, तुकडे केलेलं नाहीतर ब्लॉक. त्यात मीठ कमी असते, नुसतं खाल्लं तर फार काही लागत नाही, हे खरंच तव्यावरचं चीज आहे. माझी पद्धत अशी, का तीन चार पिकलेले टमाटर चुलीत नाहीतर गॅसवर साल काळी होईपर्यंत भाजायचे, सोबत दोन हिरव्या मिरच्या अन् लसणाच्या पाकळ्या, सगळं मीठ टाकून पाट्यावर जाडसर वाटायचं. मग लोखंडी तव्यावर थोडं तेल, त्यावर ही चटणी पसरायची, वर मोझरेलाचे तुकडे, झाकण ठेवून अगदी मंद आचेवर दोन तीन मिनिटं. खालून चटणी जरा चिकटून खरपूस झाली अन् वरून चीज फुगून त्यावर एखादा दुसरा तपकिरी डाग दिसला का तवा तसाच ताटाजवळ आणायचा अन् भाकरीच्या तुकड्यानं उचलून खायचं. गार झालं का ते रबरासारखं होते, म्हणून सगळे ताटावर बसल्यावरच तवा चढवा. आलूच्या कोरड्या भाजीवर पण हेच करता येते, पण टमाटरचा आंबटपणा असला का मोझरेला जास्त उठून दिसते.

आता माझं सगळ्यात आवडतं, गौडा. हे तालुक्याच्या डेअरीत नेहमी नसते, सांगून ठेवलं तर भाऊ मागवून देतात, नाहीतर नागपूरच्या मोठ्या दुकानातून आणावं लागते. नेदरलँड्समधल्या गौडा गावच्या बाजारात हे विकल्या जात होतं, त्यावरून नाव पडलं. अमूलचं गौडा आपल्याकडे मिळते अन् ते प्रोसेस्ड नाही, खरं पिकवलेलं चीज आहे, हा फरक जिभेला पहिल्या घासात कळते. करताना दह्याच्या कणांमधलं थोडं पाणी काढून त्या जागी गरम पाणी घालतात, त्यानं दुधातली साखर धुतल्या जाते, आंबट व्हायला मागं फारसं काही उरत नाही, अन् म्हणून गौडा गोडसर अन् लोण्यासारखं लागते. जसं जसं जुनं होते तसं तसं घट्ट होत जाते, अन् फार जुन्या गौडामध्ये दाताखाली बारीक कुरकुरीत कण येतात, ते मीठ नाही, प्रोटीन तुटून तयार झालेले दाणे असतात, चांगल्या पिकलेल्या चीजची खूण आहे ती. मेणाचं आवरण असलं तर ते काढून टाका, खायचं नसते.

गौडा वितळवू नका एवढी विनंती. फ्रीजमधून काढा, थंडीत अर्धा तास बाहेर ठेवा, उन्हाळ्यात दहा मिनिटं पुष्कळ झाली, कारण थंडगार चीजची चव दबलेली असते, त्यातलं तूप जरा सैल झालं का मगच वास सुटते. मग पातळ काप करा, जाड फोडी नाही, अन् सोबत संत्र्याची फाक. आपलं नागपुरी संत्रं, आंबिया बहाराचं दिवाळीच्या मागंपुढं येते त्यात आंबटपणा जास्त, मृग बहाराचं फेब्रुवारी मार्चला येते ते जास्त गोड. गौडासाठी मला आंबिया बहाराचं पसंत आहे, कारण चीज स्वतःच गोडसर आहे, त्याला आंबट जोडीदार पाहिजे. फाकेवरचं पांढरं साल काढायचं, बिया काढायच्या, अन् काप त्यावर ठेवून एकाच घासात खायचं. आधी चीज लागते मग एकदम संत्र्याचा रस तोंडात फुटते अन् चीजचा चिकटपणा धुऊन नेते, अन् हात आपोआप पुढच्या फाकेकडे जाते. पाहुणे आले तर फरसाण अन् बिस्किटापेक्षा हे ठेवा, संत्रं तर बागेतलंच आहे. जाऊबाईच्या माहेरचे लोक आले होते तेव्हा ताटलीभर ठेवलं होतं, आधी कोणी हात लावला नाही, एकानं खाल्लं अन् मग ताटली स्वयंपाकघरात परत आली ती रिकामीच.

हुरड्याच्या दिवसात गौडा मिळालं तर सोडू नका. गोवऱ्यांच्या आरात भाजलेली कणसं हातावर चोळून काढलेला गरम हुरडा, त्यात जवसाची चटणी तर असतेच, सोबत गौडाचे बोराएवढे तुकडे. हुरडा गरम, तुकडा तसाच, मिसळून ठेवायचं नाही, एकदा हे एकदा ते. हुरड्यासोबत गूळ खाणारे आहेत, दही खाणारे आहेत, तर चीज काही परकं नाही, शेवटी ते दूधच आहे. जवसाची चटणी अन् गौडा ही जोडी तर हुरडा नसताना पण भाकरीवर जमते, जवसाचा जो थोडा कडसरपणा असते त्याला हे चीज फार सांभाळून घेते.

एमेंटल म्हणजे ते भोकं भोकं असलेलं, कार्टूनमध्ये उंदराजवळ दाखवतात ते. स्वित्झर्लंडचं मूळ. त्यात एक वेगळा बॅक्टेरिया असते तो पिकताना गॅस सोडते, त्या गॅसची ही भोकं. चव अक्रोडासारखी, थोडी गोड, मागून हलकी तिखट. नुसतं खायला चांगलं आहे पण मला गौडाएवढं ओढत नाही, अन् किमतीकडे पाहिलं तर दोन्हीपैकी एक घ्यायचं झालं तर गौडाच. हां, एमेंटल वितळते मात्र सुरेख. उकडलेल्या गरम आलूची साल काढून, मधातून फोडून, त्यात किसून टाकायचं अन् वरून मिरे. त्यात मीठ टाकायच्या आधी चाखून पाहा.

चेडर हे इंग्लंडच्या सॉमरसेटमधल्या चेडर गावचं. तिकडचं जुनं चेडर म्हणजे भुरभुरणारं, जिभेला झोंबणारं असते. आपल्याकडे जे प्रोसेस्ड चीज आहे ते मुळात याच घराण्यातलं, पण खरं चेडर हे फार तेज. नागपूरला मिळते. यासोबत गोड पाहिजे, अन् आमच्या वर्धा जिल्ह्यात त्यासाठी गोरसपाक नावाचं गोड बिस्कीट आहे! वर्ध्याच्या गोरस भांडारचा गोरसपाक ज्यांनी खाल्ला त्यांना माहीत आहे, तुपानं भरलेला, हातात घेताच भुगा होणारा. त्यावर चेडरचा पातळ काप ठेवायचा अन् सोबत बिनदुधाचा काळा चहा. दुधाच्या चहासोबत चीज मला जड वाटते, काळ्या चहाचा तुरटपणा तोंड साफ करते. चेडर नसेल तर साध्या क्यूबचा काप पण चालते, फक्त अगदी पातळ करा कारण तो जास्त खारट असते. ज्यांना दूध पचत नाही, पोट फुगते, अशा लोकांनी जुनं पिकलेलं चीज थोडं थोडं खाऊन पाहायला हरकत नाही, पिकता पिकता त्यातली दुधाची साखर जवळपास संपलेली असते.

उन्हाळ्यात फेटा. हे ग्रीसचं, खऱ्याखुऱ्या फेटामध्ये मेंढीचं दूध असते, त्यात थोडं शेळीचं चालते, अन् 2002 पासून युरोपात ते नाव ग्रीसच्याच चीजला लावता येते. आपल्याकडे भारतात बनलेलं जे फेटा मिळते ते बहुतेक गाईच्या दुधाचं, चव जरा मवाळ पण काम भागते. खाऱ्या पाण्यात ठेवलेलं असते म्हणून खारट अन् आंबट, हातानं कुस्करल्या जाते. ग्रीसमध्ये लोकं उन्हाळ्यात हे टरबुजासोबत खातात, अन् टरबुजाची आपल्याकडे काय कमी! नदीच्या पात्रातल्या वाडीचं टरबूज दुपारी विहिरीच्या पाण्यात गार करून ठेवायचं, संध्याकाळी फोडी करून त्यावर फेटा कुस्करायचं, थोडा पुदिना, संपलं. मीठ टाकू नका. पंचेचाळीस अंशाच्या दिवसानंतर अंगातलं सगळं मीठ घामानं गेलेलं असते तेव्हा हे जे लागते ते दुसऱ्या कोणत्याच चीजनं लागत नाही. टरबूज कमी गोड निघालं तर मात्र फेटा नका टाकू, खारट पाणी खाल्ल्यासारखं लागते. फेटा फोडल्यावर त्यातलं खारं पाणी फेकू नये, उरलेलं चीज त्याच पाण्यात बुडवून डब्यात ठेवायचं. नुसतं प्लेटमध्ये ठेवलं तर दोन दिवसात वरून वाळून पिवळं पडते.

पाकीट घेताना काय पाहायचं ते सांगते, कारण यात फसगत होते. पाकिटावर अ‍ॅनालॉग असं लिहिलेलं असेल नाहीतर घटकांमध्ये वनस्पती तेल दिसलं तर ते दुधाच्या तुपाचं चीज नाही, त्यात स्वस्त तेल टाकलेलं आहे. दिसायला सारखंच, वितळते पण, पण चव सपाट अन् खाल्ल्यावर टाळूला मेणासारखं काही चिकटून राहते. किलोचा ब्लॉक फारच स्वस्त मिळून राहिला असेल तर पाकीट उलटं करून वाचल्याशिवाय घेऊ नका. दुसरं म्हणजे हिरवा ठिपका. चीजचं दूध फाडायला रेनेट लागते, ते जुन्या पद्धतीत वासराच्या पोटातून काढतात, इटलीतलं खरं पार्मिजानो रेजानो आजही त्याच रेनेटनं करतात, म्हणून ते शाकाहारी नाही. अमूल, गो यांसारख्या आपल्याकडच्या कंपन्या सूक्ष्मजीवांपासूनचं रेनेट वापरतात, तर ज्यांच्या घरी सोवळंओवळं असते त्यांनी पण ते बिनधास्त खावं. गो हे पराग मिल्क फूड्सचं, पुणे जिल्ह्यातल्या मंचरला बनते, म्हणजे आपल्याच राज्यातलं, अन् त्यांचा ब्लॉक मला अमूलपेक्षा किंचित मऊ अन् कमी खारट वाटते, ज्यांना खारट नको त्यांनी तो घ्यावा. किमती मुद्दाम लिहिल्या नाही कारण त्या सारख्या बदलतात, पण 22 सप्टेंबर 2025 पासून चीजवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्के झाला आहे, तर जुन्या छापील किमतीचा माल कोणी देऊन राहिला असेल तर विचारा.

आणायचं अन् ठेवायचं कसं हे आपल्या भागात सगळ्यात मोठं काम आहे. नागपूरहून एसटीनं येता येता तीन तास सहज जातात, अन् मार्चनंतर तेवढ्यात चीजचं पाणी होते. मी स्टीलच्या मोठ्या डब्यात बर्फाच्या पिशव्या, त्यावर कागद, मग चीज, पुन्हा बर्फ, अन् डबा ओल्या गोणपाटात गुंडाळून आणते. एप्रिल मे मध्ये गौडा, चेडर आणतच नाही, तेव्हा डेअरीतलं मोझरेला अन् क्यूबच बरे. घरी फ्रीजमध्ये ठेवताना बटर पेपरमध्ये गुंडाळून मग डब्यात, नुसत्या पिशवीत घाम सुटून बुरशी धरते, अन् उघडं ठेवलं तर कांद्या लसणाचा वास ओढून घेते. कडक चीजवर एखादा बुरशीचा ठिपका आला तर त्याच्या चारही बाजूनं अन् खालून इंचभर कापून टाकलं का बाकीचं खाता येते, पण स्प्रेड, फेटा अशा मऊ चीजवर बुरशी दिसली तर डबाच फेकायचा, तिथं जीव अडकवायचा नाही. लाइट गेली तर फ्रीजचं दार उघडू नका, चार तास तरी आत थंड राहते. अन् ब्लॉक फ्रीझरमध्ये टाकू नका, बाहेर काढल्यावर भुगा होते. मोझरेला तुकडे केलेलं असेल तर ते फ्रीझरमध्ये चालते कारण ते वितळवायचंच असते.

शेवटी जे बारके तुकडे, वाळलेल्या कडा उरतात, त्या मी एका डब्यात जमा करते, गौडा चेडर एमेंटल सगळं मिसळून. पुरेसं जमलं का ज्वारीच्या पिठात किसून टाकायचं, सोबत ओवा, तीळ, थोडं तिखट, मीठ जरासं, गरम पाण्यानं मळून त्याचे लहान जाड धपाटे थापायचे अन् तव्यावर तेल सोडून भाजायचे. कडेला जे चीज बाहेर येऊन तव्यावर कुरकुरीत जाळी धरते, ती आमच्या घरी लेकरं आधी तोडून खातात.